भाऊजींनी धुतलेली आगगाडी

आमच्या घरात कुणाच्या कपड्यावर डाग पडला की तो कपडा धुण्याच्या बादलीत जात नाही, खाली जातो. खाली म्हणजे तळमजल्यावर, भाऊजींच्या लाँड्रीत. भाऊजी माझे धाकटे दीर. इस्त्रीला आणि वाफेच्या यंत्रावर त्यांची माणसं आहेत, पण डागांचं काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. मागच्या खिडकीशी त्यांचं टेबल, त्यावर मान वाकडी केलेला दिवा, बाटल्यांची रांग आणि जुन्या बनियनांच्या चिंध्या. शर्ट उजेडात धरायचा, डाग नखाने हळूच खरवडायचा, वास घ्यायचा आणि निकाल सांगायचा, "कॉफी. दूध घातलेली. आणि साहेबांनी आधी घरी साबण चोळून बघितलाय, म्हणून हा असा रुसून बसलाय."

माझ्या जाऊबाई, म्हणजे त्यांची बायको, अजून सांगतात, "हे पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा यांनी माझ्याकडे नंतर बघितलं. आधी टेबलावरच्या कापडाकडे."

"शाईचा होता," भाऊजी म्हणतात, "निघण्यासारखा होता."

दातांच्या डॉक्टरांशी त्यांची ओळख झाली ती खिशांमुळे. लाँड्रीत आलेल्या प्रत्येक कपड्याचे खिसे आधी उलटे करून बघायचे असतात. लोकांच्या खिशांत काय काय निघतं ते मी इथे लिहीत नाही, उगाच कुणाच्या घरात भांडणं व्हायची. पण चौकातल्या दातांच्या डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटांतून निघायचं ते एखादं चाक, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. कधी आगकाडीएवढा दिव्याचा खांब. एकदा तर करंगळीच्या नखाएवढा माणूस निघाला, लाल टोपीवाला, तोंडाशी शिट्टी धरलेला. भाऊजी निघेल ते कागदाच्या पुडीत बांधायचे आणि इस्त्री झालेल्या कोटाच्या कॉलरला टाचणीने लावून पाठवायचे. हे काय आहे, असं त्यांनी कधी विचारलं नाही.

शेवटी डॉक्टरच एकदा कोट घ्यायला आले तेव्हा म्हणाले, "अहो, तुम्ही विचारत कसं नाही?"

"खिशातलं विचारायचं नसतं," भाऊजी म्हणाले.

तेव्हा डॉक्टरांनी त्यांना दवाखान्याच्या वरच्या खोलीत नेलं. भिंतीला लागून टेबलं, टेबलांवर रूळ, बोगदा, स्टेशन, आणि त्यातून खडखडत जाणारी जुन्या घडणीची, पत्र्याची छोटी आगगाडी. त्या दिवसापासून डॉक्टरांचे कोट पोहोचवायला भाऊजी स्वतः जायला लागले. जाऊबाई दारातच उभ्या असायच्या. "दोन कोट द्यायला एवढा वेळ? तिथे बसून शिवून देता की काय?"

मग डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. गुडघे बोलायला लागले होते, मुलगी तिच्याकडे बोलावत होती. तिच्या शहरात, तिच्या घरात त्यांना एक खोली मिळणार होती. "त्यात पलंग मावतो आणि मी मावतो," ते भाऊजींना म्हणाले, "गाडी मावत नाही. गाडी तुम्ही घ्या."

भाऊजींना वाटलं, चेष्टा चालली आहे. पण दुसऱ्याच दिवशी टेम्पो दारात उभा राहिला आणि त्यातून खोकी उतरली. मागोमाग डॉक्टरांचा फोन आला. "कॉलेजात असताना मी ती जुन्या बाजारातून घेतली. त्या दुकानदाराला ती कुणाच्या तरी माळ्यावर मिळालेली. कोरी करकरीत ती मीसुद्धा कधी पाहिलेली नाही. माझं एक चाक तुम्ही कधी हरवलं नाहीत, म्हणून ती तुमच्याकडे. जाण्याआधी येत्या रविवारी येऊन तुमच्याकडे धावताना बघीन म्हणतो. मग मी जायला मोकळा."

त्या संध्याकाळी पन्नाशी उलटलेले आमचे भाऊजी लाँड्रीच्या फरशीवर मांडी घालून बसले होते आणि भोवती वर्तमानपत्राच्या चुरगळलेल्या कागदांचा ढीग. एकेक डबा निघाला की ते तो तळहातावर घ्यायचे आणि उजेडात फिरवून बघायचे. सासूबाई जिन्यातून वाकून बघत होत्या. "याची पोरं कामाला लागली," त्या म्हणाल्या, "आणि याला आता खेळणी आली."

"आई, खेळणं नाही हे."

"मग मला हात लावू दे."

"नको!"

"बघ. खेळणंच आहे."

गाडी फार मळलेली होती, हे मात्र खरं. इंजिन काळपट, त्याच्या पोटाखाली चुन्यासारखे पांढुरके ओघळ. डब्यांवर धूळ, खिळ्याखिळ्याखाली गंज उतरलेला. गार्डाच्या डब्याच्या टपावर तर पक्ष्याने घाण केलेली. भाऊजींच्या डोळ्यांत लगेच ती चमक आली. मी ओळखते ती. पाहुण्यांच्या शर्टावर आमटीचा थेंब दिसला की येते तीच.

"डॉक्टरांना पुसायला सवड झाली नसणार. त्यांच्याकडे असताना कसं बोलायचं, म्हणून मी कधी विषय काढला नाही," ते म्हणाले. "वहिनी, बघाच आता. रविवारी येतील तेव्हा ओळखणार नाहीत."

मग रोज दुकान मिटलं की टेबलावरचा दिवा लागायचा. आधी साधं पाणी, मग साबणाचं पाणी, मग सौम्य बाटली, मग ज्या बाटलीचं झाकण ते खिडकी उघडून मगच काढतात ती. कान साफ करायच्या काड्या सगळ्या घरातून नाहीशा झाल्या. आणि खरंच, काळ्या इंजिनातून हिरवं इंजिन बाहेर आलं, नुकत्याच पावसात न्हालेल्या पानासारखं, कडेने बारीक सोनेरी रेघ. डबे निघाले ते पिकलेल्या चेरीच्या रंगाचे. आम्ही सगळे जिन्यात जमून वा वा करत होतो. हे, म्हणजे माझे यजमान, सहसा कशाला चांगलं म्हणत नाहीत. तेही म्हणाले, "चांगलं आहे."

रविवार परवावर आला तेव्हा कोळशाचा एकच डबा राहिला होता. मी चहा घेऊन खाली गेले तर भाऊजी भिंग धरून बसलेले आणि हात थांबलेला.

"वहिनी, तुमची नजर चांगली आहे. हे बघा जरा."

डब्याच्या बाजूवर काजळी होती. काजळीत डब्याचा नंबर. आणि नंबराभोवतीची काजळी तेवढी तिरकी पुसलेली, नंबर वाचता यावा म्हणून घाईत तळहात फिरवावा तशी.

"पुसायला घेतलंत की तुम्ही," मी म्हटलं.

"मी अजून हात लावलेला नाही."

ती पुसलेली जागा मोहरीच्या दाण्याएवढी होती. एवढा तळहात असलेला माणूस आमच्या घरात एकच होता, आणि तो, गाडीबरोबर खोक्यातून आलेला, लाल टोपी घालून खिडकीत उभा होता. आम्ही दोघांनी त्याच्याकडे बघितलं. मग भाऊजींनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि खूप वेळाने खाली ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"हे रंगवलंय," ते म्हणाले. "ब्रशने. खऱ्या गाड्या मळतात ना, तशी ही मळवलीय. एकेक खिळा धरून. अहो, तो गंज, ते पाण्याचे ओघळ... डॉक्टरांच्या हातचं होतं ते सगळं."

"आणि टपावरचं पक्ष्याचं?"

"तेच तर म्हणतोय. मला तेव्हाच कळायला हवं होतं. खोलीतल्या गाडीवर पक्षी आला कुठून?"

"मग तेव्हा थांबला का नाहीत?"

"पांढरा डाग होता हो!" भाऊजी कळवळून म्हणाले.

मला हसू आवरेना, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून आवरलं. माणसाने आयुष्यभर फावल्या वेळात जे केलं, ते यांनी आठवडाभरात चिंध्यांत पुसून कचऱ्यात टाकलं होतं. आणि तो माणूस परवा बघायला येणार होता, मग कायमचा दुसऱ्या गावी जाणार होता. माझी गाडी मी चुकीच्या हातात दिली, असं मनात घेऊन.

रात्री जेवताना घरभर सल्ले. हे म्हणाले, "जोरात सोड. धावत्या गाडीवरचं काय दिसतंय त्यांना या वयात?" जाऊबाई म्हणाल्या, "आपल्या शेगडीची काजळी लावू." लावूनही बघितली एका डब्याला. तो डबा शेगडीत पडून वाचल्यासारखा दिसायला लागला, तो पुन्हा धुवावा लागला. सासूबाई शांतपणे जेवत होत्या. हात पुसत म्हणाल्या, "तू पुसलंस ना? मग तूच सांग. दारातच सांग, म्हणजे त्यांना चहा तरी गोड लागेल."

रविवारी दुकान बंद. कपड्यांच्या घड्या घालायच्या लांबलचक टेबलावर रूळ मांडले होते. डॉक्टर काठी टेकत आले, अंगात तोच पांढरा कोट. भाऊजींनी त्यांना खुर्चीत बसवलं, आणि दारात जे सांगायचं ते इथे सांगितलं, एका दमात, टेबलाकडे बघत. "डॉक्टर, मी गाडी धुतली. मला वाटलं मळलीय. तुमचं सगळं काम मी पुसून टाकलं. कोळशाचा एक डबा तेवढा वाचलाय."

डॉक्टरांनी हात पुढे केला, भाऊजींनी त्यावर इंजिन ठेवलं. त्यांनी ते खिडकीकडे वळवलं, उलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ नेलं. इंजिनाच्या पोटाखालच्या ओघळांची जागा त्यांनी अंगठ्याने चाचपली. "हे ओघळ जमायला मला अख्खा हिवाळा लागला होता," ते हळूच म्हणाले. भाऊजी तोंड उघडं टाकून उभे. मला वाटलं, आता हा माणूस काठी घेऊन उठणार.

पण ते पुन्हा इंजिनच बघत होते.

"हिरवी होती होय ही?"

"अं?"

"मी घेतली तेव्हाच काळी होती. आधीच्या कुणीतरी फासलेलं काळं मी कधी काढलंच नाही, त्याच्यावरच रंगवत गेलो. इतकी वर्षं माझ्याकडे हिरवी गाडी होती आणि मला पत्ता नाही!" त्यांनी सोनेरी रेघेवरून बोट फिरवलं. "आणि मूळ रंगाला ओरखडा नाही. काय लावलंत?"

भाऊजींनी बाटल्या आणून दाखवल्या. डॉक्टरांनी एकेक हुंगली. शेवटचीला ठसका लागला. "शाबास," ते खोकत म्हणाले. मग त्यांनी चेरीच्या रंगाच्या, चकचकीत डब्यांच्या रांगेवर नजर टाकली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आधी आवाज नव्हता. मग आला. डोळे पुसत ते म्हणाले, "अहो, ही मालगाडी आहे. कोळसा वाहते. आणि तुम्ही हिला वरातीला निघाल्यासारखी नटवलीय!"

जिन्यातून सासूबाईंचं हसू ऐकू आलं. भाऊजींचं तोंड मात्र अजून उघडंच होतं.

"तोंड मिटा आता," डॉक्टर म्हणाले. "मी निवृत्त झालोय."

त्यांनी कोटाच्या खिशातून एक चपटी डबी काढली. आत चार केसांचे ब्रश, अंगठ्याएवढ्या रंगाच्या बाटल्या. "ही द्यायलाच आलो होतो. मुलीकडे कुठे रंगांचा वास करू? म्हटलं, कुठे टवका उडाला तर तुम्हाला डागडुजी येईल. आता डागडुजी कसली, सगळंच करायचंय. इंजिन असंच राहू दे, नुकतं कारखान्यातून आलंय असं समजू. पण डबे मळवायचे. बसा."

भाऊजी बसले. डॉक्टरांनी कोळशाचा डबा समोर नमुन्याला ठेवला. खिळ्याखाली तपकिरी रंगाचा ठिपका द्यायचा आणि ब्रशने खाली ओढायचा, एवढंच. भाऊजींनी ठिपका दिला, ओढला, आणि डाव्या हाताने चिंधीने पुसून टाकला.

"पुसलंत का?"

"मी नाही पुसला. हाताने पुसला."

दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी चिंधी काढून घेतली, तर भाऊजींनी शर्टाच्या बाहीने पुसला. "तुमचा डावा हात मला द्या बघू," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी तो खरंच आपल्या हातात घट्ट धरून ठेवला, दाढ काढताना पेशंटचा धरतात तसा. दोन मोठी माणसं हातात हात घालून एका बोटभर डब्यावर वाकलेली. जाऊबाई चहा घेऊन आल्या आणि कप हातात तशाच उभ्या राहिल्या. यांना आपल्या हाताने डाग पाडताना त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

चौथा ओघळ राहिला. वर दाट, खाली विरत गेलेला. भाऊजींनी मान तिरकी करून तो उजेडात बघितला, आणि सवयीने वाससुद्धा घेतला.

"गंज," ते म्हणाले. "जुना. पावसाळी."

"एकदम बरोबर," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी गाडी सोडली. हिरवं इंजिन, मागे लाल डबे, मध्येच एक मळका आणि एकाच ओघळाचा दुसरा. ती टेबलाला वळसा घालत होती आणि दर फेरीला तो ओघळ समोरून गेला की भाऊजी डॉक्टरांकडे बघायचे, दिसला ना, अशा अर्थाने.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. मुलीचा होता. तिचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता: सामान बांधून झालं का, मंगळवारची तिकिटं काढू ना, आणि बाबा तुम्ही आहात तरी कुठे?

"कामावर," डॉक्टर म्हणाले.

"कामावर? कसल्या?"

"तिकिटं नको काढूस एवढ्यात. मंगळवारी नाही जमायचं. पुढच्या मंगळवारीही कठीण दिसतंय, डबे बरेच आहेत." त्यांनी फोन खिशात टाकला, कोटाच्या बाह्या वर सारल्या, चष्मा नाकावर नीट बसवला आणि दवाखान्याच्या दाराकडे बघून म्हणायचे तसं खणखणीत आवाजात म्हणाले, "पुढचा!"

भाऊजींनी धावत्या गाडीचा वेग कमी केला आणि पुढचा डबा हलकेच उचलून त्यांच्यासमोर ठेवला.