मिशीवरचा फेस

आमच्या लॅबमध्ये रक्त द्यायला येणाऱ्या त्या माणसाने मला वैताग आणलाय. वय जेमतेम पस्तीस, आणि खुर्चीत बसला की खुर्चीचे दोन्ही हात फाकतात. साखर हद्दीत दिसली तरी इन्शुलिन आधीच चढलेलं असू शकतं, म्हणून डॉक्टरांनी दोन्ही तपासण्या उपाशीपोटी सांगितल्यात. हा येतो तो गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध उभ्यानं पिऊन, मिशीवर फेस तसाच.

"उपाशी आहात ना?"

"व्हय की. घास न्हाय खाल्ला."

"आणि दूध?"

"दूध म्हंजे काय जेवान हाय व्हय, पावणं?"

मी त्याला परत पाठवतो. पुढच्या खेपेला पुन्हा फेस, पुन्हा तेच उत्तर.

काल तो शाळकरी मुलीला घेऊन आला. तीही बापासारखीच जड, मानेवर त्याच्यासारखाच काळपट पट्टा, इन्शुलिन चढल्याची खूण. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "रातीपास्नं निस्तं पाणी दिलंय. दुधाचा थेंब न्हाय."

म्हणजे याला सगळं कळत होतं. माझं डोकंच फिरलं. मिशीवर आजही फेस होता.

"आणि तुमचं रक्त कधी?"

त्याने मुलीची बाही वर सारली.

"माझं काय हाय ते मला ठावं हाय. तिचं बघा."