सांडू मिस्त्री मशीन बघायला निघाले

सांडू मिस्त्री आमच्या घरी पहिल्यांदा आले ते मागच्या दारासाठी. दाराचा गुन्हा एवढाच, की ते नीट लागत नव्हतं. मिस्त्रींनी त्याच्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला आणि डोळे मिटले. गल्लीतली रहदारी थांबली. उस्मानपुऱ्यातला कुकर शिट्टी द्यायचा थांबला. मग त्यांनी डोळे उघडून असा सुस्कारा सोडला की समोरच्या गच्चीवरच्या चादरी उडून पलीकडच्या सोसायटीत पडल्या.

"गेलं," ते म्हणाले.

एकच शब्द, पण अशा आवाजात, की शेजारच्या वहिनी थोड्या वेळानं पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आल्या. दुखवट्याच्या घरी चूल पेटवत नाहीत ना! आम्ही त्या दाराभोवती गोल करून जेवलो. मिस्त्रीही जेवले, पुन्हा वाढूनही घेतलं. मग हात धुऊन त्यांनी पिशवीतून रंधा काढला, दाराची खालची कड जराशी घासली आणि दार लागलं.

"अहो, गेलं म्हणाला होतात!"

"तसं म्हणावं लागतं सर. बरं हाय म्हणलं की लोक काम करून घेत नायत."

ही त्यांच्या घराण्याची विद्या. वडील मुंजाबा मेंढरं राखायचे आणि सांडूला लहानपणी बाजारात सोबत न्यायचे. मेंढा आवडला की त्याची तोंडभर निंदा करायची. दात बघून तोंड वाकडं करायचं, पाठ दाबून "नुसती हाडं" म्हणायचं आणि चालू लागायचं. विकणारा मागून हाक मारतो. हाक येईपर्यंत मान वळवायची नाही. विकणाराही त्याच बाजारात वाढलेला असतो. निंदा जेवढी मोठी तेवढं गिऱ्हाईक पक्कं, हे ओळखून तो मनातल्या मनात खूश होतो.

सांडूंनी काठी सोडून सुताराची पटाशी धरली, पण खरेदीची रीत तीच राहिली. मोबाइल असाच घेतला, पंखा असाच घेतला. दगडाबाईंना बघायला गेले तेव्हाही पोहे खारट आहेत म्हणून उठले होते. सासऱ्यांनी वेशीपाशी हाक मारली, म्हणून संसार झाला.

"मारली नसती तर मी सुटले असते," असं दगडाबाई अजून म्हणतात.

तर अशा या माणसाचा उजवा खांदा गेल्या वर्षी दुखायला लागला. आधी रात्री दुखायचा, मग दिवसाही, मग चहाचा कप उचलताना. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, हातोडा बंद. सुताराला हातोडा बंद म्हणजे काय, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, आणि नेमकं त्याच आठवड्यात चितेगावचे आप्पासाहेब दुकानात आले. घरची शेती, पोरगा कंपनीत, पैठण रोडला नवा बंगला. त्यांना सगळ्या चौकटी सागवानी हव्या होत्या आणि खिळा एकही नको. म्हणजे उभ्या लाकडात चौकोनी भोक पाडायचं आणि आडव्या लाकडाचं टोक तासून त्यात घट्ट बसवायचं. अशी भोकं पटाशी-हातोड्यानं पाडायची तर मिस्त्रींच्या खांद्याचं तिथंच विसर्जन झालं असतं.

"पुढच्या शुक्रवारी चौकटपूजा हाय," आप्पासाहेब म्हणाले. "मोठ्या दाराची चौकट त्या दिवशी उभी पायजे. बाकीच्या मागून. जमत नसंल तर आत्ताच बोला मिस्त्री, ग्रॅनाइटच्या चौकटीवाला फोन करून ऱ्हायलाय."

"जमतंय की," मिस्त्री म्हणाले. दुखरा हात त्या वेळी टेबलाखाली होता.

घरी दगडाबाईंनी निळा शर्ट काढून समोर ठेवला. भाच्यानं चितेगावच्या एका कारखान्यात गेटवरच्या वॉचमनची जागा धरून ठेवली होती आणि शर्ट आगाऊ पाठवला होता. "आवं, ते भोकं पाडायचं मशीन म्हणतात ते बघा. त्याच्यावर खांदा चालला तर करा चौकटी. नाय तर गपचूप हे घाला. रात्रभर तुमचं कण्हणं ऐकायचं माझ्यानं व्हत नाय."

दुसऱ्याच्या कारखान्यात लाकूड नेऊन भोकं पाडून आणावीत, असं मी सुचवलं. मिस्त्रींनी माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच स्कूटरची किल्ली काढली. खांद्यामुळे त्यांना हँडल धरवत नव्हतं.

औरंगपुऱ्यातल्या हत्यारांच्या दुकानांच्या गल्लीत स्कूटर चालवायची नसते, ढकलली जाते. मिस्त्री मागे मांडीवर बाभळीचा ठोकळा घेऊन बसले होते. "सागात कुणीबी शिरतं सर. बाभळीत शिरलं तर खरं."

दुकान बद्रीनाथ शेठचं. शेठ म्हणजे जुना माणूस; मिस्त्रींनी दुकानातल्या प्रत्येक हत्याराला आजवर शिव्या दिल्या होत्या आणि प्रत्येक वेळी शेठनी दारापर्यंत जाऊ देऊन हाक मारली होती. पण त्या दिवशी शेठ मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले होते. गल्ल्यावर त्यांची मुलगी श्रेया. नुकतीच दुकानात बसू लागलेली, चुणचुणीत, आणि जे ऐकेल ते खरं मानणारी.

टेबलावर बसतील अशी दोन मशीनं होती. एक निळं, चकचकीत, अंगभर स्टिकर. दुसरं राखाडी, बसकं, जाड मानेचं. दोघांचं काम एकच. पोकळ चौकोनी पटाशी, तिच्या पोटात फिरणारं गिरमिट. बाजूचा लांब दांडा खाली ओढला की गिरमिट लाकूड पोखरतं आणि पटाशी कोपरे कापते. हातोड्याचं नाव नाही.

मिस्त्रींनी निळ्याकडे बघितलं, राखाडीकडे बघितलं, मग उगाच छताच्या पंख्याकडे. नंतर राखाडीच्या खांबाला मागून मिठी मारून जोरात हलवलं. मशीन हललं नाही, मिस्त्री हलले. पटाशीच्या धारेवरून अंगठा फिरवला, म्हणजे दात बघितले. पुढून वाकून, मागून वाकून, बुडाखाली हात घालून झालं.

"काका, चालू करून दाखवू का?" श्रेयानं विचारलं.

"दम धर पोरी. आधी उभं कसं ऱ्हातं ते बघू दे."

आधी निळं. बाभळीचा ठोकळा अडकवला, मिस्त्रींनी उजव्या हातानं दांडा धरला आणि ओढला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. दांडा अर्ध्यावर आला तसे त्यांचे ओठ आवळले गेले, मानेची शीर उभी राहिली. मशीनचा खांब मागे कलला. भोक पडलं, पण त्यांनी पिशवीतला गुण्या काढून काटकोन तपासला तेव्हा मधून बोटभर उजेड दिसला.

मग राखाडी. आता ह्यानंही दुखलं तर निळा शर्टच. मिस्त्रींनी ओढलं. दांडा असा खाली आला, जणू पलीकडून कुणी हात लावतंय. बाभळीचा भुसा भुरभुर बाहेर पडला. दांडा वर गेला. मिस्त्रींनी गुण्या लावला. उजेड नाही. पुन्हा ओढलं, पुन्हा. चेहऱ्यावर दुखण्याची रेघ नाही. फक्त कान लाल झाले. वस्तू मनात भरली की ह्यांचे कान लाल होतात, हे मला दगडाबाईंनीच सांगितलं होतं.

"काय भंगार आणलंय पोरी हे!" मिस्त्री म्हणाले.

श्रेया दचकली. "का हो काका? आत्ता तर सरळ भोक आलं."

"आलं आसंल चुकून. मोटर कशी कण्हतीय ऐक. म्हातारी उठती का काय सकाळची! वरीसभर तरी जगंल का? फुकट दिलं तरी घरात घेणार नाय मी."

शेठ असते तर म्हणाले असते, "बस सांडू, चहा सांगतो." श्रेया गंभीर झाली. "बरं झालं काका सांगितलंत. मग नकाच घेऊ. उगाच तुमची फसवणूक व्हायला नको."

असं उत्तर मुंजाबांच्या बाजारात कधी कुणी दिलेलं नव्हतं. मिस्त्री क्षणभर घुटमळले. पण रीत म्हणजे रीत. "नायच घेत," म्हणाले आणि दुकानाची पायरी उतरले. ठोकळा तिथंच राहिला.

समोर चहाची टपरी होती. आम्ही दुकानाकडे पाठ करून बसलो. म्हणजे मिस्त्री पाठ करून. मला वळायची परवानगी होती.

"आली का बाहीर?"

"नाही."

"येईल. बापाची पोरगी हाय."

चहा आला. चहा संपला. दगडाबाईंचा फोन आला. "घेतलं का वं?"

"सौदा चाललाय."

"आवाज तर टपरीचा येतोय!"

मिस्त्रींनी फोन खिशात ठेवला. "आता?"

"आता दुकानात कुणीतरी शिरलंय," मी म्हणालो. "पोरगेलासा आहे. रिक्षा बाहेर थांबवलीय."

"आसंल स्क्रू घ्यायला."

त्या तरुणानं निळ्या मशीनला हात लावला. श्रेया काहीतरी सांगत होती. मग त्यानं गल्ल्यावरचा बाभळीचा ठोकळा उचलला, मिस्त्रींनी पाडलेल्या चौकोनी भोकाला डोळा लावला आणि त्यातून थेट आमच्याकडे बघितलं.

"मिस्त्री, तो राखाडीकडे वळला."

"वळू द्या."

"अहो, एकच नग आहे! मी जाऊन सांगतो."

त्यांनी माझ्या शर्टाची बाही पकडली. "बसा सर. आपण उठलो की सौदा गेला. हाक येऊ द्या."

हाक आली नाही. दुकानातून दोन माणसं निघाली, मधे गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी.

"निळं आसंल ते," पाठ करूनच मिस्त्री म्हणाले.

"गोणपाटातून मान दिसतेय. राखाडी आहे."

आणि सांडू मिस्त्री वळले. चहाचा रिकामा ग्लास हातात धरूनच पळत सुटले. रिक्षा निघाली होती, पण पुढे हातगाडी आडवी आली म्हणून थांबली. मिस्त्रींनी रिक्षाचा दांडा पकडला. नेमका उजव्या हातानं.

"अरे चचा, हात छोडो ना! पीछे पब्लिक चिल्लारी!" रिक्षावाला ओरडला.

आतला तरुण बाहेर डोकावला. ऋतुराज त्याचं नाव. कंपनीत नोकरी आणि रविवारी हौसेचं सुतारकाम, हे त्यानं नंतर सांगितलं. "काय झालं काका?"

मिस्त्रींनी तोंड उघडलं. आणि हव्या असलेल्या वस्तूचं कौतुक त्यांच्या घराण्यात त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

"साहेब, हे मशीन मला द्या. आसं मशीन म्या बघितलं नाय. दांडा वढला तर खांद्याला कळत बी नाय. खांब जागचा हलत नाय. बाभळीत काटकोनात भोक पाडलं साहेब, बाभळीत! दुसरं मशीन कुचकामाचं हाय. माझ्या चौकटी आडल्यात, शुक्रवारी पूजा हाय. म्या मघाशी भंगार म्हणलो ते उगाच. हे सोनं हाय सोनं!"

मागची हॉर्नची बोंब थांबली. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. ऋतुराजचा चेहरा उजळत गेला. त्यानं गोणपाटावर मायेनं हात ठेवला.

"म्हणजे ते अनुभवी मिस्त्री तुम्हीच! मॅडमनी सांगितलं की एक मिस्त्री याला भंगार म्हणून गेले. तेव्हापासून धाकधूक होती. परत करावं की काय, हाच विचार चालला होता आत्ता." त्यानं दांड्यावरचा मिस्त्रींचा हात सोडवून दोन्ही हातांत घेतला आणि मनापासून हलवला. "थँक्यू काका. आता निर्धास्त झालो. तुम्हाला घाई असेल तर निळं आहे अजून दुकानात."

हातगाडी बाजूला झाली. रिक्षा गेली.

आम्ही दुकानात परत आलो. राखाडीचा दुसरा नग यायला दीड महिना लागणार होता.

"काका, तुम्हीच म्हणालात फुकट दिलं तरी नको," श्रेया रडवेली झाली.

"तसं म्हणायचं आसतं पोरी."

"मग घ्यायचं असलं तर काय म्हणायचं असतं?"

मिस्त्रींनी हातातला चहाचा रिकामा ग्लास गल्ल्यावर ठेवला. मग निळं बांधायला सांगितलं. त्याला त्यांनी एकही नाव ठेवलं नाही.

मोठ्या दाराची चौकट शुक्रवारी उभी राहिली. निळ्यानं पाडलेलं प्रत्येक भोक मिस्त्रींनी पटाशी-हातोड्यानं सरळ केलं होतं. चौकटीला हळद-कुंकू लागलं, मिस्त्रींना टॉवेल-टोपी मिळाली. टोपी डाव्या हातानं घालावी लागली. उजवा वर जात नव्हता. बाकीच्या चौकटी आप्पासाहेबांनी ग्रॅनाइटच्या बसवल्या.

सांडू मिस्त्री आता चितेगावच्या कारखान्याच्या गेटवर असतात. दिवसपाळी.