रुखवतातलं पुस्तक

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. सख्ख्या बहिणीपाशी नाही, देवापुढे हात जोडून उभी असतानाही नाही — तिथेसुद्धा दुसरंच काहीतरी मागून परत यायचे. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा ओळखत असाल तर पोरांना हसवणारी बाई म्हणून. यमकं जुळवणारी, गमतीची चित्रं काढणारी. वाढदिवसाला, मुंजीला, शाळेच्या बक्षीस समारंभाला माझी पुस्तकं भेट म्हणून देतात, आणि कुणी ना कुणी म्हणतंच, बाईंच्या विनोदात विखार म्हणून कसा तो नाही. मी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो.

विखार होता. एकदाच, एका पानावर. पण त्या पानाकडे मला एकदम जाता येणार नाही — थोडं सबुरीनं घ्या.

कुमुद कोण, ते आधी सांगते. मुलुंडला आमच्या चाळीत तिची खोली आणि आमची खोली यांत एक भिंत, तीही इतकी पातळ की तिच्या आईनं तिला दिलेल्या शिव्या आम्हालाही लागायच्या. काकू मालवणकडच्या, तोंडानं फटकळ. कुमुद आणि मी शाळेत एका बाकावर बसलो. मी लिहायचे, ती करायची — असं आमचं ठरूनच गेलं होतं. गणपतीत चाळीच्या मंडळाचं नाटक माझं असायचं, आणि त्यातली हशे घेणारी भूमिका तिची. मी पडद्याआड उभी राहायचे. लहानपणी ताप येऊन माझा डावा पाय बारीक राहिला होता, त्यामुळे स्टेजवर जायचा प्रश्नच नव्हता. कुमुदला जाड भिंगांचा चष्मा. तो काढला की समोर बाई उभी आहे की बुवा, हे तिला आवाजावरून कळायचं.

एका वर्षी मी मुलगी बघण्याच्या कार्यक्रमावर फार्स लिहिला. मुलाची आई मुलीचे दात मोजते, केस ओढून बघते, सुईत दोरा ओवायला लावते, खोलीत चालवते. कुमुद ती आई झाली होती, नाकावर स्वतःचाच चष्मा ओढून. काय हसली होती चाळ! बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या — त्याच बायका, ज्यांनी हे सगळं केलं होतं आणि पुढेही करणार होत्या. मला वाटलं, मी समाजाला आरसा दाखवला. वय विशीचं होतं, तेव्हा असं वाटतं.

मग आमच्या घरी बघायला येऊ लागले. एकामागून एक. पोहे खायचे, गाणं म्हणायला लावायचे, आणि शेवटी कुणीतरी अगदी गोड आवाजात म्हणायचं, जरा चालून दाखव हं. मी चालायचे. त्यानंतर त्यांचा आवाज आणखीच गोड व्हायचा. निरोप यायचा नाही. माझ्या फार्समधला हाच प्रसंग होता, आणि चाळ ज्याला सगळ्यात जास्त हसली होती तोही हाच.

कुमुदला बघायला आले ते बोरिवलीचे लोक. काकूंनी चष्मा ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. सुईदोरा कुणी पुढे केला नाही, आणि कुमुद अभिनय जाणणारी — कुणाला पत्ता लागला नाही. पसंती आली. मी तिला मिठी मारली, आणि मला खरंच आनंद झाला होता. झाला होता ना? हो. पण त्याच्याखाली काहीतरी सलत होतं. तिचं व्यंग ट्रंकेत ठेवता येत होतं. माझं माझ्या आधी खोलीत शिरायचं.

आता इथे मी एक सबब सांगू शकले असते. म्हणाले असते, फसवून लग्न लावत होते, मी सत्याची बाजू घेतली. तीही सोय मला नाही. कारण लग्नाआधी महिनाभर कुमुदनं मला सांगितलं होतं की तिनं श्रीधरला, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला, सगळं सांगून टाकलंय. दोघं एकदा बाहेर भेटली होती, तेव्हा. तो हसला होता म्हणे. म्हणाला, चार-सहा महिने जाऊ देत, मग डोकं दुखतं म्हणून डॉक्टरकडे जाऊ, नंबर लागला म्हणून आईला सांगू, ती काही बोलणार नाही. हे फक्त मला सांगितलं होतं. तिच्या आईलाही नाही.

रुखवतात मैत्रिणीनं काहीतरी स्वतःच्या हातचं ठेवायचं असतं. कुणी क्रोशाचं ठेवतं, कुणी साखरेचा संसार करतं. मी पुस्तक करायचं ठरवलं — कुमुदवर, यमकातलं, पानोपानी रंगीत चित्रं. थट्टेचं. काकूंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "बाय, माझ्या चेडवाक पुस्तकात चष्मो दाखवू नको हां." मी म्हटलं, काकू, मला एवढंही कळत नाही का?

दुपारभर दार ओढून मी चित्रं काढत बसायचे. पाळण्यातली कुमुद, झाडावर चढलेली कुमुद, स्टेजवर मिशा सुटलेली कुमुद. डोळे सगळीकडे मोठे मोठे, उघडे. शेवटून दुसरं पान स्वयंपाकघराचं होतं.

कुमुदबाई, कुमुदबाई,
स्वयंपाकाची भलती घाई!
मीठ म्हणून साखर घाली,
आमटीची बासुंदी झाली!

यमकात काहीच नाही बघा. चित्रात ती डब्यात नाक खुपसून बसलीय. ते रंगवून झालं. वाळलं. आणि मग मी काळी शाई घेतली आणि तिच्या कपाळावर, केसांच्या बटेखाली, वर सरकवलेला चष्मा काढला. हात थरथरला, डोळ्यांपुढे अंधारी आली — असं काही नाही. छान जमला. त्या अख्ख्या पुस्तकात तेवढंच चित्र खऱ्या अर्थानं विनोदी होतं, आणि ते जमल्याचा मला आनंदही झाला. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

लग्न मोडावं असं मला वाटत होतं का? मी पुष्कळ वेळा विचारलंय स्वतःला. नाही — तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. अक्षता पडल्यावर, पंगतीच्या आधी मुलाकडच्या बायका रुखवत बघायला येतात हे मला माहीत होतं. लग्न लागलेलं असणार होतं. फक्त तिलाही एकदा कुणीतरी खालीवर न्याहाळावं, इतकंच मला हवं होतं.

त्या आल्या. श्रीधरच्या आत्यानं पुस्तक उचललं आणि मोठ्यानं वाचायला लागली. बायका हसत होत्या, माझं कौतुक चाललं होतं, कुमुद शालू सावरत लाजत उभी होती. मग ते पान आलं. आत्या यमक वाचून हसली, चित्र बघून हसली, आणि हसता हसता थांबली. पुस्तक तिनं श्रीधरच्या आईच्या हातात दिलं. त्या बाई कुमुदच्या जवळ गेल्या आणि लांबच्या भिंतीवर लावलेल्या कॅलेंडरकडे बोट करून म्हणाल्या, "काय लिहिलंय गं तिथं? वाच बघू."

कुमुद डोळे बारीक करून दोन पावलं भिंतीकडे सरकली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काकू, हात सवयीनं चालला हो. रोजचा चेहरा हातात बसलेला, लक्षातच आलं नाही." आणि मी रडले. खोटं नव्हतं रडणं, खरंच भीती वाटली होती. कुमुदनं सगळ्यांदेखत मला जवळ घेतलं. नवरी मला समजावत होती, असू दे गं, असू दे.

डॉक्टरचा बेत तिथेच बुडाला. तिच्यावर फसवून दिलेली म्हणून शिक्का बसला, आणि आपल्याला आधीच ठाऊक होतं हे आईला सांगायची छाती श्रीधरला कधी झाली नाही. सासूबाईंनी फर्मावलं, चष्म्याशिवाय आलीस ना, आता चष्म्याशिवायच राहा. बरीच वर्षं ती तशी राहिली. चाचपडत स्वयंपाक करायची, हात भाजून घ्यायची. वाचन सुटलं. नाटकाचं तर नावच नको. मुलगा शाळेत जायला लागला, त्याचा अभ्यास घ्यायला कुणी नव्हतं, तेव्हा कुठे सासूबाई नरमल्या आणि चष्मा परत आला.

कुमुदच्या लग्नानंतर महिन्याभरातच आम्ही भावाच्या ब्लॉकमध्ये घाटकोपरला राहायला गेलो. कुमुद सणासुदीला माझ्याकडे यायची. माझी पुस्तकं छापून येऊ लागली होती, ती तिच्या मुलासाठी मी हौसेनं द्यायचे. ती मुलुंडला जायची नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटायचं, सासरचे पाठवत नसतील. मी विचारलं नाही. का विचारलं नाही, हे तुम्हाला कळलंच असेल.

काकू गेल्या त्यानंतर काही दिवसांनी ती आली. कॉटवर पाय वर घेऊन बसली, लहानपणी बसायची तशी, आणि सांगायला लागली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली, आम्ही चाळ सोडल्यावर, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "तिना मुद्दाम केल्यान." कुमुद चिडली. बोलाचाली झाली. ती म्हणाली, तिच्याबद्दल असं बोलणार असशील तर मी या घरात पाऊल टाकणार नाही. काकू हेकट. त्यांनी शब्द मागे घेतला नाही. कुमुदही त्यांचीच मुलगी — तिनं पाऊल टाकलं नाही. नातू काकूंनी दुरून पाहिला, कुणाच्या तरी लग्नात. शेवटी दुखणं आलं तेव्हा निरोप गेला, पण ती पोचली तेव्हा काकूंना माणसं ओळखू येत नव्हती.

"आईशी बोलायचं राहून गेलं, त्याचं वाईट वाटतं," कुमुद म्हणाली. "पण तुझ्यासाठी भांडले, त्याचं नाही वाटत हं."

ती माझ्यासमोर बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. सांगायला याहून सोपी वेळ येणार नव्हती. आणि मी — मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, जाऊ दे गं, म्हातारं माणूस, गैरसमज होतो कधी कधी.

म्हणजे जी बाई एकटीच मला ओळखून होती, तिला मी तिच्या मरणानंतर खोटं पाडलं. तिच्या लेकीच्या तोंडावर. चित्रात तो चष्मा काढताना निदान माझ्या मनात काहीतरी दुखत तरी होतं. त्या दिवशी काहीसुद्धा दुखत नव्हतं. मला फक्त चांगलं राहायचं होतं.

कुमुद आहे अजून. माझं छापून आलेलं सगळं ती वाचते, आधी स्वतः आणि मग नातवंडांना वाचून दाखवते. हेही तिच्या हातात पडेल.

कुमुद, काकू खरं बोलत होत्या. मी ते मुद्दाम केलं.