धूर बघायला आलेले पाव्हणे

रिकामी गाडी रस्त्यावरून गेलेली आक्कांना बघवत नसे. जीप पौडहून नुसती पिरंगुटला निघाली, तरी त्या पुढच्या सीटवरून रस्त्याच्या दोन्ही कडा न्याहाळत, आणि सावलीला उभ्या असलेल्या माणसालाही विचारत, "येतोस का रं?" त्याला कुठं जायचंच नसायचं. तरी चढायचा.

मी सातवीतून शाळा सोडून परभणीकडून आलेलो. लायसन नवं, ओळखीचं कुणी नाही. आक्कांचे यजमान नुकतेच वारले होते. जाण्याआधी त्यांनी पेट्रोलच्या जीपला डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं, आणि ती चालवायला माणूस हवा होता. आक्कांनी मला गाडी चालवून दाखव म्हटलं नाही. "जेवलास का?" एवढंच विचारलं आणि पडवीत जागा दिली.

परक्याची वस्तू, काही झालं तर हाकलतील, या धास्तीनं मी गाडी फार जपून चालवायचो. आक्का म्हणायच्या, "आरं, बाळंतिणीला न्हेतुयास का काय? दाब की जरा." मी दाबत नसे.

इंजिन बदलल्याची नोंद व्हायला गाडी पुण्याला आरटीओत दाखवावी लागे. पहिल्या खेपेला मी ती रिकामी आणि हळूहळू नेली. साहेबांनी ॲक्सिलेटर दाबून इंजिन चढवायला लावलं, तर मागं काळा ढग. नापास. पौडच्या मिस्त्रीभाईंनी इंजिनात डिझेल फवारणारे नोझल साफ करून दिले, तरी धूर हटेना. आक्कांचे दीर म्हणाले, "आणखी एकदा बघा वैनी. न्हाईतर इकून टाका भंगारात." जीप भंगारात गेल्यावर ड्रायव्हर कशाला लागतो? मी पिशवी भरून ठेवली.

दुसऱ्या खेपेला निघताना पाहिलं, तर जीप गच्च. कुणी दवाखान्याला, कुणी कोर्टाला, आणि तात्या नावाचे एक म्हातारे लेकीसाठी कोंबडी घेऊन.

"आक्का, आज तरी नको. पासिंगला चाललोय."

"मंग? पुण्यालाच चाललोय न्हवं? रिकामी न्हेऊन काय मिळालं मागं?"

पिरंगुटच्या घाटात गाडी अडखळू लागली. मागं सरकण्यापेक्षा बरं, म्हणून मी पहिल्यांदाच पॅडल तळाला टेकवलं. काळा लोट उठला. तात्या खोकत म्हणाले, "आक्का, हितंच नापास करून घ्या. तितवर कशाला जायचं?" पण माथ्यापर्यंत लोट विरळ झाला, आणि भूगावच्या पुढं आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसू लागला.

माणसं आरटीओच्या कोपऱ्यावर उतरवून आम्ही आत गेलो. साहेबांनी इंजिन चढवायला लावलं, वाकून पाहिलं, पुन्हा चढवायला लावलं. तेवढ्यात फाटकातून तात्या आले, कोंबडीसकट. "झाला का धूर?"

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"आमचं पाव्हणं," आक्का म्हणाल्या. "धूर बघायला आल्यात."

साहेबांनी तात्यांकडं पाहिलं, कोंबडीकडं पाहिलं, मग धुराच्या नळीकडं. "बघण्यासारखं काही उरलं नाही," म्हणाले, आणि सही केली.

मिस्त्रीभाईंनी नंतर समजावलं, की हळू चालवून साचलेली काजळी भरल्या गाडीनं घाटात झाडून टाकली. आक्कांना त्यात काही नवल वाटलं नाही. दिरांना त्यांनी ओट्यावरूनच सांगितलं, "गाडी इकायची न्हाई." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आन् तू आता आईला बोलावून घे. एकटा किती दिस ऱ्हाशील?"

आई आली. शेवटपर्यंत इथंच राहिली. आक्काही गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. मला कुणी गाव विचारलं, तर तोंडातून आधी पौड निघतं. परभणी मागाहून आठवते.