मेलेल्या माश्या दाखवा, म्हणे!

माझ्या आत्याच्या मधमाश्या मारल्या गेल्या. कधी? यंदा धुळवडीला, सकाळी नऊच्या सुमारास. कुठे? पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात, शेजाऱ्याच्या बांधावर. पेट्या ठेवायला आत्याला बोलावलं होतं त्यानेच. बियांसाठी लावलेल्या त्याच्या कांद्याचे डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, फुलले होते आणि माशी फिरल्याशिवाय बी भरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. तरी फुलकिड्यांवरचं औषध त्याने ऊन वर आल्यावर मारलं, माश्या फुलांच्या गोंड्यांवर बसलेल्या असताना. आदल्या संध्याकाळी नुसतं सांगितलं असतं, तर आत्याने पेट्यांची दारं बंद केली असती.

आत्याचा फोन आला तेव्हा मी नागापूरच्या माझ्या खोलीवर संघटनेच्या पत्रकांच्या घड्या घालत होते. मिळेल त्या गाडीने निघाले. पोचले तर बांधावर पाच-सहा जण जमलेले आणि मधोमध शेजारी, कपाळाला गुलाल.

“आली का पुढारीण! काढ आता आमच्यावर पत्रक.”

“काढणारच, काका. माश्या का मारल्या?”

“कुठं मेल्यात? दाखव की! ह्या दहा-पाच पडल्यात, तेवढ्या तर रोज मरत्यात. बाकीच्या गेल्या आसतील रंग खेळाया.”

सगळे हसले. आत्याने मला बाजूला ओढलं. “परवा ह्यो दुसऱ्यांदा मारणार हाय. आज निम्म्या गेल्या. परवा रिकामी खोकी घरी न्यावी लागतील.”

पेट्यांपुढची जमीन खरंच स्वच्छ होती. मला राग येत होता आणि हातात काहीच नव्हतं. पेट्यांपासून डोंगळ्यांपर्यंत, डोंगळ्यांपासून पेट्यांपर्यंत, किती खेपा घातल्या कोण जाणे. सऱ्यांमध्ये काही माश्या सापडल्या, पण त्या ओल्या चिखलात रुतलेल्या. त्या दाखवल्या तर ‘चिखलात अडकून मेल्या’ म्हणाला असता.

मग पेटीच्या दारात एक माशी दिसली. दुसऱ्या, मेलेल्या माशीला पायाला धरून ओढत होती. ओढत कडेला आणली, उचलली, ओझ्याने खाली-खाली जात उडाली आणि बांधावरच्या बोरीच्या झुडपापलीकडे टाकून आली.

हे मी वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. जिवंत माशीचं अंग उबदार असतं. त्या उबेने अंगावरच्या मेणचट थराचा वास दरवळत राहतो. माशी मेली की अंग गार पडतं आणि वास मंदावतो. पेटीतल्या अंधारात काही माश्यांचं कामच ते: ज्या अंगाला जिवंतपणाचा वास येत नाही ते ओळखायचं आणि बाहेर नेऊन टाकायचं. प्रेत कुजायची वाट त्या बघत नाहीत, घरात रोग शिरू नये म्हणून. आणि त्यांच्या त्या स्वच्छतेचाच या माणसाने स्वतःसाठी पुरावा केला होता!

“काका, बसा इथं. पेटीच्या बाजूला, दारासमोर नको.”

“मला कामं हायेत.”

“माश्या मेल्याच नाहीत ना? मग भ्यायचं कशाला?”

लोकांसमोर निघून जाणं त्याला जमेना. बसला. एक प्रेत बाहेर आलं. मग दुसरं. मग एकदम तीन. उचलून नेणाऱ्या माश्यांना उसंत नव्हती. कुणीतरी बोरीमागे जाऊन ओरडलं, “आरं, हिकडं तर सडा पडलाय!”

मघाशी हसणारे एकेक करून बोरीमागे बघायला गेले.

“भाऊ,” आत्या म्हणाली, “माशीच न्हाई राहिली तर तुमच्या गोंड्यात बी कुठनं यायचं?”

“फवारायला मजूर सकाळीच येत्यात, अक्का. दिवस मावळून माश्या पेटीत जाईस्तवर कोन थांबतंय?”

“म्हणजे परवाही सकाळीच?” मी विचारलं.

तो उठला. धोतर झटकलं. “बघू.”

बघू! निम्म्या माश्या मारून हा माणूस ‘बघू’ म्हणतो, आणि गाव ऐकून घेतं. मी ऐकून घेणार नाही. त्याच बांधावर उभी राहून मी हे पत्रक लिहायला घेतलं आहे, आणि हे तुमच्यासाठी आहे. तुमच्या घरात फवारणीचा पंप आहे ना? मग तो पाठीवर घेणाऱ्याला आजच समोर बसवा आणि वदवून घ्या: फुललेल्या पिकावर दिवसा औषध मारणार नाही, आणि मारण्याच्या आदल्या संध्याकाळी पेटीवाल्याच्या दारात जाऊन सांगेन. तो ‘बघू’ म्हणाला, तर पंप त्याच्या हाती देऊ नका.