प्रुइटची पावभट्टी

तर भट्टी आली, इथपर्यंत आपण काल आलो होतो. चौघांनी ती ट्रकमधून उतरवली, बर्गरच्या दुकानाच्या मागच्या दाराचा रंग खरवडत आत कोंबली, आणि वेंडेल प्रुइट कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर असा उभा राहिला, जणू याच्याच आज्याने ती बांधली होती. कॅलिफोर्नियातल्या या मोडेस्टो शहरातलंच एक पिझ्झाचं दुकान बसलं होतं, तिथून पडत्या भावात उचललेली. पोटात आधीच्या मालकाचं जळकं चीज तसंच. प्रुइटने तिचा एक फोटो काढला, दार लावलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यात कागदी पेल्यांची खोकी रचायला लावली.

"साहेब, पाव कधी भाजायचा?" ओफेलियाने विचारलं.

"भाजायचा कशाला, दोन्या? भट्टी असली की झालं."

दोन्या म्हणजे स्पॅनिशमध्ये बाईमाणसाला मान देऊन मारलेली हाक. तेवढा एकच मान फुकटात देता येतो, म्हणून प्रुइट तो सढळ हाताने देत असे. बाकी त्याचा हात म्हणजे काय सांगावं. बर्गरमध्ये काकडीच्या लोणच्याच्या चकत्या दोनच, तिसरी पडली तर तो उचलून परत डब्यात टाके. नाताळला कामगारांना भेट म्हणून कुपन द्यायचा, तेही याच्याच दुकानात चालणारं, आणि वर "सुट्टीच्या दिवशी चालणार नाही" असं छापलेलं. हजेरीच्या यंत्रावर मात्र मोठ्या अक्षरांत पाटी: "आपण सारे एक कुटुंब." दुकान एका मोठ्या साखळीतलं, देशभर शेकड्यांनी दुकानं. साखळीचं नाव घेऊन काय करायचं, सगळ्यांचे पाव एकाच साच्यातले आणि चवीला पुठ्ठ्यासारखे. त्यातली तीन दुकानं प्रुइटकडे. तीन दुकानं, तळ्यावर एक मोटरबोट, आणि तोंडात कायम टोमॅटोच्या भावाचं रडगाणं.

आता कायदा असा झाला होता, की अशा मोठ्या साखळीच्या दुकानात एप्रिलपासून तासाला वीस डॉलर द्यायचे. तोवर सोळा होते. पण कायदा करणाऱ्यांनी एक फट ठेवली होती: जे दुकान आदल्या सप्टेंबरच्या आधीपासून स्वतः पाव भाजून सुटा विकतं, त्याला हे लागू नाही. ती फट का ठेवली, ते ज्यांनी ठेवली त्यांना ठाऊक. पण बोटीवर बसून बिअर पिता पिता ती प्रुइटच्या कानावर पडली, आणि बर्गर विकता विकता म्हातारा झालेला हा गडी एका दुपारीत पाववाला होऊन घरी आला. फळ्यावर ओळ चढली: "ताजा पाव, दीड डॉलर." कुणी मागितलाच तर सांगायचं, आजचा संपला.

"लोकांना कायदा वाचून झोप येते," ग्रिलवरचा रुपेर्तो म्हणाला, "याला भूक लागली."

ओफेलिया बर्रागान या दुकानात एकोणीस वर्षं होती. गाडीत बसूनच खाणं घेणाऱ्यांच्या खिडकीत उभं राहायचं, कानाला ऐकण्याबोलण्याचं यंत्र लावायचं, आणि गाडीतल्या माणसाने तोंड उघडायच्या आत त्याला काय हवंय ते ओळखायचं. बदामाच्या बागांतले फवारणीवाले येत, शाळेच्या बसचे ड्रायव्हर येत, आणि एक दंतवैद्य रोज लपून येत असे. सगळे तिला ओळखत. पण खिडकी दुपारनंतरची. सकाळी सहापासून ती महामार्गालगतच्या मोटेलमध्ये खोल्या झाडायची, रोज अकरा. अकरा पलंग, अकरा न्हाणीघरं, गुडघ्यांवर बसून. त्या गुडघ्यांतून आता असा आवाज यायचा, की मोटेलचा मालक पाहुण्यांना सांगायचा, बाई आली वाटतं.

तिने मनाशी एकच गोष्ट ठरवली होती. वीस झाले, की मोटेल सोडायचं. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं. सकाळी सहाला उठून चहा प्यायचा, बसून.

एप्रिल लागला, पगार आला, आणि तासाचे सोळाच. "आपण पाववाले," प्रुइट म्हणाला आणि फळ्याकडे बोट केलं. रुपेर्तोने पगाराच्या कागदाचा फोटो काढला आणि कामगार खात्याकडे तक्रार टाकली. खाली स्वतःचं नाव, पत्ता, फोन, सगळं दिलं.

"नाव कशाला घातलंस रे?" ओफेलियाने विचारलं. "काढेल तुला."

"काढू दे. पण तू अकरा खोल्यांची घाण काढत राहण्यापेक्षा त्याने मला काढलेलं बरं."

"तोंड सांभाळ. आणि त्या कांद्याकडे बघ, जळतोय."

दोन आठवड्यांनी पत्र आलं: गुरुवारी सकाळी तपासणी. पत्र वाचून प्रुइटचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला. बुधवारी त्याने ओफेलियाला मागच्या खोलीत बोलावलं, खुर्ची दिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. खुर्ची मिळाली तेव्हाच ती सावध झाली.

"दोन्या, तुझे वडील पाव करायचे ना? कधीतरी म्हणाली होतीस."

"करायचे. गावाला."

"मग तुला येत असेल."

"येतो."

मेक्सिकोत, हालिस्को प्रांतातल्या त्या गावात तिच्या बापाची विटांची भट्टी होती. बाप डोक्यावर दोन हात रुंद टोपली तोलून सायकलवरून पाव विकायचा. बोलियो, बाहेरून टणक आणि आत कापसासारखा. ओफेलियाने सातव्या वर्षी पीठ मळलं होतं. प्रुइटच्या दुकानात एकोणीस वर्षं काढूनही तिने तिथला पाव तोंडाला लावला नव्हता. पाव म्हणून तर नाहीच.

"उद्या तपासणीच्या बाई यायच्या आत ताजा पाव हवा," प्रुइट म्हणाला. "आणि एवढंच सांगायचं, की गेल्या ऑगस्टपासून तू भाजतेस. हा कागद. इथे सही." मग खुर्ची पुढे ओढत, आवाज गोड करत, "तुझा पगार सतरा करतो. तुझ्या एकटीचा. वेगळी टोपी देतो, पांढरी, उंच. मुख्य पाववाली."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांना पाव येतो का?"

"आणि सही नाही केली तर?"

प्रुइटने खिशातून पेन काढलं, त्याचं टोपण उघडलं, लावलं, उघडलं. "तुझे तास मला कमी करावे लागतील, दोन्या. मनात नाही. पण दुकान चालवायचं तर, तूच सांग, मी काय करू?"

ओफेलियाने कागद वाचला. सावकाश, बोट ठेवून. मग तो पालथा टेबलावर ठेवला आणि उठली. "साहेब, आधी पाव होऊ दे. पाव भाजण्याआधी आम्ही काही बोलत नाही."

त्यातून प्रुइटने तिचा होकार घेतला. काही माणसं अशी असतात, की त्यांना आरशातही होकारच दिसतो.

गुरुवारी तिने मोटेलला सुट्टी सांगितली. पेल्यांची खोकी बाहेर काढली, जळकं चीज खरवडलं, भट्टी पुसली. पीठ तिने स्वतःच्या पैशाने आणलं होतं, कारण दुकानातलं काही पावाला लावायच्या लायकीचं नव्हतं. पीठ मळताना खांदे मागेपुढे होऊ लागले तशी रुपेर्तोने ग्रिलवरून मान वळवली.

"सही करणारेस?"

"मळू दे."

"सतरा म्हणाला का? तक्रार मागे घे म्हणून मला म्हणाला होता साडेसोळा. माझी किंमत कमीच दिसते."

"तुझी टोपीसुद्धा छोटी असणार," ती म्हणाली आणि ब्लेडने गोळ्यांवर चीर पाडायला लागली.

तिच्या मनात काय चाललं होतं? सतरा म्हणजे मोटेल सुटणार नाही. तास कमी झाले तर मोटेल आणखी घट्ट बसणार. सही केली तर रुपेर्तो खोटा पडणार, मग त्याचं काय होईल ते तर दिसतच होतं. दोन्ही बाजूंनी गुडघे तिचेच. हे सगळं पिठाबरोबर मळलं गेलं. तिने भट्टीत पाव सरकवले आणि दार लावलं.

साडेदहाला कामगार खात्याच्या श्रीमती शिओंग आल्या. लाओसकडच्या हमोंग लोकांतली बाई, ठेंगणी, पायात सपाट बूट, हातात वही. दुकानभर पावाचा वास. फवारणीवाले दोघं काउंटरवरच थांबले होते, बर्गर सोडून वास घेत. प्रुइट इस्त्रीच्या शर्टात दारापासून भट्टीपर्यंत त्यांच्या पुढे पुढे, बोलत होता ते सगळं परंपरेबद्दल. "हस्तकला," असा एक शब्द त्याने तीनदा वापरला. परातीत सोनेरी बोलियो निघाले होते, चीर फुलून वर उचललेली. शिओंगबाईंनी फळा वाचला, भट्टीत वाकून पाहिलं, खाली ठेवलेल्या पेल्यांच्या खोक्यांकडेही पाहिलं.

"ही आमची दोन्या ओफेलिया," प्रुइट म्हणाला. "ऑगस्टपासून हीच भाजते. विचारा तिला."

शिओंगबाईंनी विचारलं नाही. पर्स उघडली, दीड डॉलर काढून काउंटरवर ठेवले. "एक पाव द्या."

प्रुइट आनंदाने पाघळला. आता पाव विकला जाणार, पावती निघणार, आणि ओफेलियाची सही झाली की सोळाचे सोळाच राहणार. त्याने स्वतः गल्ल्याचं बटण दाबायला हात पुढे केला.

ओफेलियाने परातीवर फडकं टाकलं आणि दीड डॉलर परत बाईंच्या दिशेने सरकवले.

"काय झालं? विकायचा नाही?" शिओंगबाई म्हणाल्या.

ओफेलियाने एक पाव फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिला, दुसरा प्रुइटपुढे धरला, आणि म्हणाली, "नाही बाई, नव्या भट्टीतला पहिला पाव आमच्यात विकत नाहीत, वाटतात, तेव्हा तुम्ही एक घ्या, आणि साहेबांनाही एक देते, पाव कसा असतो ते त्यांनी अजून खाऊन पाहिलेलं नाही."