आधी नोंद, मग शिक्का

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी काय करतो? टायरवर लाथ मारतो, दार दोनदा उघडून आपटतो, बॉनेट वर करून आत असा बघतो की जणू त्याला त्यातलं सगळं कळतंय. नोंदताई यातलं काहीच करत नसत. त्या गाडीकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि मालकाला म्हणायच्या, "आधी कागद."

वाहन नोंदणी कार्यालयात एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. कुठल्या गाडीवर कोर्टाची बंदी आली, कुठलीवर बँकेचा बोजा चढला, कुठली चोरीच्या यादीत गेली, हे रजिस्टरात चढवायचं. आणि बंदी उठली की तीही उठल्याचं लिहायचं. म्हणून नाव नोंदताई. खरं नाव पगारपत्रकावर होतं ते तिथेच राहिलं. निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी गल्लीतलं कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की आधी ताईंच्या दारात. ताई पर्समधून जाड पेन्सिल आणि पातळ कागद काढत, चेसिसवर कोरलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासत, आणि उमटलेले आकडे नोंदणीपुस्तकाशी एकेक करून ताडत. मग कार्यालयात जाऊन गाडीवर काही अटकाव आहे का ते बघून येत. "नाही" असं मालक म्हणाला तरी त्यांचा विश्वास नसे, आणि "आहे" म्हणाला तरी नसे. तोंडचं तोंडात, नोंद ती नोंद, असं त्यांचं साधं गणित होतं. या गणिताचा त्यांना अभिमान होता. थोडा जास्तच होता, आता सांगायला हरकत नाही.

यावेळी मात्र गाडी त्यांना स्वतःलाच हवी होती. नवरा शिंपी. चाळीस वर्षं मशीनला पाय मारून त्याचे गुडघे गेले होते. बसची पायरी चढवत नव्हती, रिक्षात वाकून बसवत नव्हतं. दीड वर्षात गडी फाटकाच्या बाहेर पडला नव्हता. एके दिवशी सहज म्हणाला, "नदीवर नवा पूल झाला म्हणे. पेपरात फोटो बघितला." तो एवढंच म्हणाला, पण ताईंनी दुसऱ्या दिवशी गाडी शिकण्याच्या क्लासात नाव घातलं. एकोणसाठाव्या वर्षी. शिकवणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात तीन वेळा डोळे मिटले, पण परवाना मिळाला.

आणि मग घड्याळकाकांची गाडी कळली.

घड्याळकाका म्हणजे बाजाराच्या टोकाला घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे. दुकान बंद करून ते लेकीकडे परगावी राहायला निघाले होते. गाडी जुनी, पण उंच. दार मोठं, सीट अशी की गुडघा न वाकवता बसता यावं. ताईंनी पहिल्यांदाच नियम मोडला आणि कागदाआधी सीटवर बसून बघितलं. बसल्या बसल्याच त्यांना नवरा शेजारी दिसला. मग भानावर येऊन त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "काका, गाडीवर काही बंदी?"

"आहे," काका म्हणाले. "सख्ख्या भावानं घातलेली."

इतकं सरळ उत्तर ताईंना एकतीस वर्षांत कुणी दिलं नव्हतं.

गाडी काकांच्या वडिलांची. वडील गेल्यावर ती काकांच्या नावावर झाली. धाकटा भाऊ तेव्हा रागात होता. माझाही वाटा आहे म्हणून कोर्टात गेला आणि गाडी विकायला मनाई आणली. ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. पुढे चारच महिन्यांत तो निवळला. आईसमोर येऊन म्हणाला, "दादा, दावा मागे घेतला. बंदी उठली. गाडी तुझी." सगळं गोड झालं. तीन वर्षांनी काकांनी गाडी विकायला काढली, गिऱ्हाईक घेऊन कार्यालयात गेले, तर खिडकीवरच्या बाईंनी रजिस्टर त्यांच्यापुढे फिरवलं. बंदी जशीच्या तशी.

"आईसमोर खोटं बोलला हो," काका म्हणाले. "मी विचारलं, तर म्हणतो, माझा शब्द पुरत नसेल तर कागदही आणणार नाही. मी म्हटलं, नको आणूस. अकरा वर्षं झाली. आई गेली तेव्हा दोघं दोन कोपऱ्यांत उभे होतो."

त्या खिडकीवर तेव्हा ताईंशिवाय दुसरं कोण बसणार? पण मनात त्यांनी स्वतःला समजावलं: रजिस्टरात होती म्हणून दाखवली. रजिस्टरात होती म्हणजे होती.

"मी एकदा बघून येते," त्या म्हणाल्या.

"बघा. तुमची चप्पल झिजेल फक्त. मी तर भंगारातच देणार होतो."

कार्यालयात आता त्यांच्या जागी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली मुलगी बसते. मुलगी म्हणजे काय, दोन लेकरांची आई आहे, पण ताईंसाठी मुलगीच. पहिल्या दिवशी ताईंनी तिला एक मंत्र दिला होता: "आधी नोंद, मग शिक्का. शिक्का पडला की कागद फायलीत जातो, आणि फायलीत गेलेला कागद मेला म्हणून समज." मुलीने तो कागदावर लिहून काचेखाली ठेवला होता. अजून होता.

संगणकावर बंदी दिसत होती. रजिस्टरातून संगणकात जाताना ती तशीच उचलली गेली होती. पण बंदी उठवणारा कोर्टाचा हुकूम खरंच कधी आला होता का, हे संगणक सांगणार नव्हता. त्यासाठी मागची खोली. ताईंनी पदर खोचला, शिडी लावली आणि त्या वर्षाचं बासन काढलं. धुळीने दोघीही शिंकत होत्या. चौथ्या महिन्यात एका दुधाच्या टँकरची बंदी उठवल्याचा हुकूम होता. त्याच्या मागे, त्याच टाचणीला, दुसरा कागद होता. एका पाकिटातून दोन हुकूम आले होते. दुसरा काकांच्या गाडीचा. धाकट्या भावाने दावा मागे घेतला, सबब मनाई उठवण्यात येत आहे.

त्या कागदावर 'नोंद केली' असा शिक्का होता. शिक्क्यावर सही ताईंची.

ताई शिडीच्या खालच्या पायरीवर बसल्या. त्यांना कळायचं ते सगळं कळलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. मुलीला मंत्र देणाऱ्या ताई स्वतः मात्र शुक्रवारी टपालाचा गठ्ठा आला की चहा येईपर्यंत सगळ्या कागदांवर धडाधड शिक्के मारून मोकळ्या होत, आणि मग चहा पीत पीत नोंदी करत. हात चालतोय, चूक होत नाही, मग नियम नवशिक्यांना. त्या दिवशी शिक्के दोन पडले आणि नोंद एकच झाली. टँकर सुटला, काकांची गाडी अडकली. तीन वर्षांनी काका खिडकीवर आले, तेव्हा त्यांच्यापुढे रजिस्टर फिरवताना ताईंना काय ऐट वाटली असेल, ती त्यांना आज आठवेना, पण वाटली असणार हे नक्की.

मुलीने कागद हातात घेतला, शिक्का बघितला आणि दार लोटून घेतलं.

"ताई, कुणाला कळायचं नाही. मी आज नोंद करते. हुकूम टपालात अडकला होता, आत्ता मिळाला, असं म्हणू. गाडी मोकळी. तुम्ही घेऊन टाका."

खोटं कशाला बोला, तसंच करावं असं ताईंच्या मनात आलं. क्षणभर का होईना, आलं. सीट डोळ्यांसमोर आली, शेजारी नवराही आला. काकांना आपण उपकारच केल्यासारखं वाटेल. भावाचं काय, तर अकरा वर्षं गेलीच आहेत.

"याची एक प्रत काढून दे," त्या म्हणाल्या. "शिक्क्यासकट. सही नीट दिसली पाहिजे."

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, गुडघ्यावरचं तेल चोळत बसला.

"एकतीस वर्षांत एक चूक," तो म्हणाला. "माझ्याशी लग्न धरलं तर दोन."

"अहो, चेष्टा नको. ते गाडी देणार नाहीत आता."

"नाही देणार तर नाही देणार. पूल काय पळून जातोय?" मग त्याने विचारलं, "घाबरलीयेस?"

"हो," ताई म्हणाल्या. खरंच घाबरल्या होत्या. साहेबाला कधी घाबरल्या नव्हत्या इतक्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी प्रत चष्म्याजवळ नेऊन दोनदा वाचली. घड्याळाच्या पोटातला बारीक स्क्रू शोधावा तसं त्यांचं बोट तारखेवर थांबलं.

"म्हणजे त्यानं बंदी काढली होती."

"हो."

"मग मला खिडकीवर दाखवली ती?"

"नोंद करायची राहून गेली होती, काका. ती सही माझी आहे. खिडकीवर मीच होते."

ताईंनी चार शिव्या खायची तयारी केली होती. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. काकांनी भिंतीवरची गाडीची किल्ली काढली आणि म्हणाले, "बसा गाडीत. हे त्याला मी एकटा सांगू शकत नाही."

धाकट्याचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं, शहराच्या दुसऱ्या अंगाला. अकरा वर्षं दोन भाऊ एका शहरात राहून बोलले नव्हते. ठरवलं तर तेही जमतं. वडिलांची गाडी दुकानापुढे थांबली तेव्हा धाकटा मशीनवर किल्ली कातत होता. त्याने वर बघितलं, भाऊ दिसला, आणि तो पुन्हा खाली बघून किल्ली कातू लागला. काकांनी कागद मशीनशेजारी ठेवला. धाकट्याने तो वाकून वाचला. मशीन बंद केलं.

"तारीख बघितलीस?" तो म्हणाला.

"बघितली."

"त्याच दिवशी संध्याकाळी मी घरी आलो होतो सांगायला."

"हो रे."

"आईला शेवटपर्यंत काय वाटत होतं?"

काका म्हणाले, "आई म्हणायची, धाकटा खोटं बोलत नाही. मी म्हणायचो, रजिस्टर खोटं बोलत नाही."

ताई पुढे झाल्या. "रजिस्टर माझं होतं," त्या म्हणाल्या आणि टँकर, टाचणी, शिक्के, चहा, सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

धाकटा त्यांच्याकडे वळला. "अकरा वर्षं, बाई," तो म्हणाला.

"हो."

"माझ्या पोरीच्या लग्नाला हा आला नाही."

त्या दिवशी ताईंना कुणी माफ केलं नाही, आणि त्यांनी मागितलंही नाही. थोड्या वेळाने धाकट्याने काकांच्या हातातली किल्ली घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "एकच उरलीय? दुसरी हरवलीस ना? लहानपणापासून असाच." मग मशीन सुरू करून दुसरी किल्ली कातायला बसला. काका बाकावर टेकले. ताई बसने घरी गेल्या. गाडीचा विषय त्यांनी काढला नाही.

तीन दिवसांनी काकाच निरोप घेऊन आले. "गाडी तुम्हालाच द्यायची, असं धाकटा म्हणतो. माझंही तेच मत. पण त्याची अट आहे. नोंद होताना आम्ही दोघं समोर उभे राहणार."

सोमवारी सकाळी खिडकीपुढे तिघं उभे होते. मुलीने सवयीने शिक्का उचलला असेल नसेल, तोच ताईंचा हात जाळीतून आत गेला. "आधी नोंद."

मुलीने बंदी उठवल्याची नोंद केली. धाकटा म्हणाला, "वाचून दाखवा." तिने वाचलं: सदर वाहनावर कोणतीही मनाई नाही, चौदा वर्षांपूर्वीच्या अमुक तारखेपासून. "तारीख परत वाचा," धाकटा म्हणाला. तिने परत वाचली. काकांनी डोळे पुसले, आणि मग लपवायचंही सोडून दिलं. मग शिक्का पडला, हस्तांतराच्या कागदांवर सह्या झाल्या, आणि गाडी ताईंच्या नावावर चढली.

"त्या नोंदीची एक प्रत मला द्या," धाकटा म्हणाला. "आईच्या फोटोमागे ठेवतो."

"फोटो माझ्याकडे आहे," काका म्हणाले.

"मग तुझ्याकडे येतो."

दोघं बोलत बोलत बाहेर पडले, पायऱ्या उतरले, आणि वडिलांच्या गाडीत बसून निघून गेले. धाकटा चालवत होता. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा मुलगी खिडकीतून अर्धी बाहेर आली.

"ताई! अहो, गाडी आता तुमची ना? दोन्ही किल्ल्या घेऊन गेले की ते!"

"जाऊ दे," ताई म्हणाल्या. "अकरा वर्षं मी अडवली, एक दिवस त्यांनी नेली."

ताई बसने घरी आल्या. नवरा नवा शर्ट घालून, केस विंचरून दाराशी खुर्ची टाकून बसला होता. त्यांच्या मागे बघून त्याने विचारलं, "गाडी?"

"उद्या येईल. आज तिला घरी जायचं होतं."

त्याने शर्टाचं वरचं बटण सोडलं. "मग चहा टाक," तो म्हणाला. "शर्ट उद्यापर्यंत टिकेल."